आप्पांचं हत्यार

चिकोड्यांच्या घरात खंडेनवमीचा नियम देवापेक्षा कडक. एखाद्या दिवशी देव बिनपूजेचे राहतील, पण खंडेनवमीला लेथ राहायचा नाही. घराखाली वर्कशॉप. तिथला जुना लेथ, ड्रिल, पाने, व्हर्निअर, सगळं पुसायचं, तेल लावायचं, उचलता येईल ते पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर कशाला हात लावायचा नाही. आप्पा चिकोडे कोल्हापुरात टर्नर म्हणून उभं आयुष्य राबले, तेव्हापासूनची ही रीत. पुढे कॉम्प्युटरवरची मशीनं आली, मुलगा हर्षद मालक झाला, तरी पाट तोच राहिला.

म्हणून त्या सकाळी आप्पांनी विचारलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

"सगळ्यांची पूजा झाली. माझ्या हत्याराची कोण करणार?"

हा आवाज आप्पांच्या तोंडातून आला नव्हता. तो त्यांच्या चाकाच्या खुर्चीमागे बसवलेल्या डब्यातून आला होता, आणि आप्पा 'माझं हत्यार' म्हणत होते ते या डब्यालाच.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला. मान आणि डोळे सोडले तर सगळं शरीर गेलं. बुद्धी शाबूत, पण जिभेचं लाकूड झालेलं. एका सरकारी योजनेतून त्यांना हे यंत्र मिळालं. जीभ, ओठ, घसा यांना हुकूम सोडणारा जो मेंदूचा भाग असतो, त्याच्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पातळ जाळी बसवलेली. माणूस मनात शब्द जुळवतो तेव्हा तिथल्या पेशी चमकतात. जाळी ती चमक टिपते, डबा तिचा अर्थ लावतो आणि शब्द मोठ्यानं बोलतो. तेही आप्पांच्याच जुन्या आवाजात, 'हाय' आणि 'न्हाई'सकट.

यात एक मेख होती. मेंदू काही दगड नव्हे. आज 'पाणी' म्हणताना पेशी जशा चमकतात, तशा त्या सहा महिन्यांनी चमकत नाहीत. आजारपण, दुःख, नुसतं वय, सगळ्यानं त्यांची ठेवण बदलते. म्हणून डबा रोज थोडं थोडं शिकत राहायचा. आप्पा बदलत, त्यांच्याबरोबर डबाही बदले. कालची शिकवण आजच्या माणसाला कामाची नाही, असा तो प्रकार. ही सगळी शिकवण डब्यातल्या दोन डिस्कवर साठवलेली होती.

आणि डिस्क म्हटलं की घरात एकच नाव निघे, ऋतुजा. आप्पांची थोरली. पुण्यात मोठ्या कंपनीत ती डिस्कच सांभाळायची. अर्ध्या राज्याच्या नोंदी तिच्या हाताखालच्या कपाटांत फिरत होत्या. तिच्या कामातली पहिली विद्या म्हणजे मिररिंग. व्हॉल्यूम मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते एकच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहितं. एक डिस्क मेली तर दुसरीवर सगळं जसंच्या तसं मिळतं. डबा इस्पितळातून आला तेव्हा आप्पांची शिकवण अशी दोन्हीकडे होती, पण मशीन सुरू करणारा भाग, ज्याला बूट म्हणतात, तो फक्त पहिल्या डिस्कवर होता. ऋतुजाला ते बघून हसू आलं होतं. "घरात सगळं सामान दुप्पट, आणि दाराची किल्ली एकच!" असं म्हणून तिनं दुसऱ्या डिस्कवरही बूटचा भाग लिहिला. मग सगळ्यांना गोळा करून तिनं चालू डब्यातली पहिली डिस्क बाहेर ओढली, डबा बंद करून पुन्हा सुरू केला, आणि आप्पा बोलले, "वा, पोरी!" तेव्हा आई हयात होती. तिनं लेकीची मीठमोहरीनं दृष्ट काढली.

तर, हत्याराची पूजा. आप्पांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून ऋतुजानं डबा बंद केला. डबा जाड, पाटावर मावेना. "यातलं मुख्य काय असतं?" हर्षदनं विचारलं. "डिस्क," ती म्हणाली, आणि दोन्ही डिस्क काढून तिनं व्हर्निअरच्या शेजारी पाटावर ठेवल्या. दोन्ही एकदम काढू नयेत, हे ती पुण्यातल्या नव्या मुलांना डोळे वटारून शिकवायची. पण घर म्हणजे का ऑफिस!

हर्षदची बायको वृषाली शाळेत चित्रकला शिकवायची. तिचा हात सढळ. तिनं दोन्ही डिस्कवर बोटभर हळदकुंकू लावलं, ते बरोबर 'एक' आणि 'दोन' हे आकडे कोरले होते तिथं.

"ताई, चल की गं, नैवेद्य दाखवायचा राहिलाय," स्वयंपाकघरातून हर्षद ओरडला.

आप्पांना दिवसभर मुकं कसं ठेवायचं, म्हणून ऋतुजानं डिस्क पुसल्यासारख्या केल्या, एक वरच्या आणि एक खालच्या कप्प्यात सरकवली, डबा सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला: दोन्ही डिस्कवरचा मजकूर वेगळा आहे, चालू डिस्कवरचा मजकूर दुसरीवर उतरवू का? शेजारी तारीख होती, गेल्या दिवाळीतली. डबा बंद होता, घड्याळ मागे पडलं असेल, असं तिनं ठरवून टाकलं. हा प्रश्न तिनं नोकरीत हजारदा पाहिला होता. तिनं 'होय' दाबलं आणि हात धुवायला गेली.

जेवणं आटोपून सगळे पुन्हा आप्पांभोवती जमले तेव्हा उतरवणं पूर्ण झालं होतं. डब्यानं बारीक टुण्ण केलं. आप्पांनी डोळे मोठे केले, काहीतरी सांगायचं असलं की करत तसे.

"इंदू, चहा ठेव."

 इंदू म्हणजे आई. ती होळीच्या सुमारास गेली होती.

हर्षद गुडघ्यावर बसला. "आप्पा, आई नाही आता. आठवतंय न्हवं?"

आप्पांनी डोळे गच्च मिटून उघडले. ही त्यांची 'हो'ची खूण. पण त्याच क्षणी डबा बोलला, "इंदू, चहा ठेव. इंदू, खिडकी लाव."

वृषालीनं पदर तोंडाला लावला. ऋतुजा मात्र खुर्चीमागे गेली. तिनं वाकून वरच्या कप्प्यातल्या, म्हणजे जिथून मशीन सुरू होतं तिथल्या डिस्कवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. खाली 'एक'ऐवजी आकडा होता 'दोन'.

तिला सगळं एकदम समजलं. दोन नंबरची डिस्क गेल्या दिवाळीत कधीतरी तापून मिररमधून बाहेर पडली होती. तेव्हापासून आप्पांची शिकवण एकाच डिस्कवर चढत होती, आणि दुसरी दिवाळीपाशीच थांबली होती. आज ती थंड झाली, चुकून वरच्या कप्प्यात गेली, आणि ऋतुजानंच दिलेल्या किल्लीनं तिनं मशीन सुरू केलं. मग ऋतुजानंच 'होय' दाबून ती शिळी शिकवण ताज्या शिकवणीवर उतरवली. व्हॉल्यूम मॅनेजर बिचारा आज्ञाधारक. त्याला खरं-खोटं कळत नाही. सांगाल ते दोन्हीकडे सारखं करतो. वर्षभराचे आप्पा पुसले गेले होते, आणि ते परत आणायची सोय कुठंच नव्हती.

आप्पांच्या मनात एक होतं, आणि डबा जुन्या खुणांवरून अंदाज बांधत दुसरंच बोलत होता. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेली वाक्यं तेवढी त्याला ओळखीची वाटत होती.

"काय झालंय गं ताई?" हर्षदनं विचारलं.

"थकले असतील," ऋतुजा म्हणाली.

तिथंच सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण तिला आठवलं, मागं एकदा वृषालीनं फोनवर विचारलं होतं, "ताई, डब्याचा दुसरा दिवा पिवळा झालाय, चालतंय का?" तेव्हा ऋतुजा मीटिंगमध्ये होती. ती म्हणाली होती, "असतं ते तसं. तुला काय कळतंय त्यातलं?" डब्याच्या सूचना तिच्या फोनवर यायच्या, त्याही तिनं कटकट नको म्हणून गप्प करून ठेवल्या होत्या. आता हे सगळं कुठल्या तोंडानं सांगायचं?

दिवस गेले तसे आप्पांचे हाल कुत्रं खाईना. ते बोलू गेले की इंदूला हाक जायची. शेजारीपाजारी येऊन हळहळायचे. वृषाली दर वेळी पाठीवर हात फिरवून सांगायची, "आप्पा, आई देवाघरी गेल्या हो." बायको गेल्याचं दुःख त्या माणसाला दिवसातून दहा वेळा नव्यानं ऐकवलं जात होतं, आणि त्याला ते चांगलं ठाऊक होतं. डोळे एक सांगत होते आणि आवाज दुसरं. लोक आवाजावरच विश्वास ठेवतात.

शेवटी आप्पांनी बोलणंच सोडलं. मग सगळे म्हणाले, बघा, आता तर बोलतही नाहीत.

मेंदूच्या डॉक्टर इनामदारबाईंनी तपासलं. प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, चष्मा काढून पुसला. "स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसते. यंत्रात बिघाड नसेल तर दुसरा अर्थ नाही. दिवाळीनंतर समिती बसेल. यंत्रं मोजकी आहेत, हो. ज्यांना उपयोग नाही त्यांचं काढून पुढच्या रुग्णाला द्यावं लागतं. गारगोटीच्या एक कंडक्टर बाई वर्षभर थांबल्यात."

यंत्र गेलं म्हणजे आप्पा मरेपर्यंत मुके. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. हर्षद बहिणीकडे वळला.

"ताई, तू बघितलंस न्हवं मशीन? त्यात काही नाही ना?"

खुर्चीतून आप्पा तिच्याकडे टक लावून बघत होते. ऋतुजानं खिडकीबाहेर बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "मशीन ठीक आहे."

"मग झालं," हर्षद म्हणाला. "ताईनं बघितलंय म्हणजे विषयच नाही. त्या गारगोटीच्या बाईंच्या तरी कामी येईल."

त्या उत्तराची लाज तिला पुढं किती छळणार होती, याची तेव्हा तिलाही कल्पना नव्हती. परत येताना गाडीत वृषालीनं हळूच विचारलं, "ताई, माझ्या हातून त्या डिस्कमध्ये कुंकू तर गेलं नसेल ना? मला सारखं तेच वाटतंय." ऋतुजा म्हणाली, "नाही गं, तसं काही नसतं." वृषालीचं समाधान झालं नाही. ऋतुजाला ते दिसलं, आणि तरी ती पुढं एक शब्द बोलली नाही. दुसऱ्याच्या मानेवर आपलं जू ठेवून माणूस किती निवांत बसू शकतो, हे तिनं त्या गाडीत स्वतःवरून पाहिलं.

तिनं पुण्याला रजा कळवली. घरच्यांना वाटलं, लेकीची माया. माया होतीच, पण तिला आप्पांच्या नजरेला नजर देता येत नव्हती. भरवायला बसली तरी ती घासाकडे बघायची.

दिवाळीच्या आधीची एक दुपार. हर्षद वर्कशॉपात, वृषाली शाळेत. खालून मशीनची घरघर येत होती. ऋतुजानं स्टूल ओढलं आणि पहिल्यांदाच ती आप्पांच्या समोर बसली.

"आप्पा, तुमचं डोकं ठीक आहे. मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. पिवळा दिवा, कुंकू, कप्पे, ती तारीख, 'होय'. इनामदारबाईंसमोर खोटं बोलले तेही सांगितलं. रडू आलं ते तिनं आवरलं, कारण रडायचा हक्क समोरच्याचा होता. आप्पांनी डोळे मिटले. ते 'हो' म्हणून मिटले नव्हते, कारण ते उघडेनातच. संध्याकाळपर्यंत आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा शिकायच्या स्थितीत टाकला. यात एकानं वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि आप्पांनी ते मनात म्हणायचं. डबा दोन्ही जुळवून नव्यानं ओळख करून घेतो. काम कंटाळवाणं; जात्यावर दळण दळावं तसं. आप्पांनी मान फिरवली. तिसऱ्या दिवशीही फिरवली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "पंखा लाव," आणि बऱ्याच वेळानं डबा घोगरा बोलला, "पंखा लाव."

घरी तिनं सांगितलं, मेंदूला व्यायाम म्हणून करतेय. कुणी शंका घेतली नाही.

पाणी दे. ऊन येतंय. भाजी खारट हाय. एकेक वाक्य बसायला अर्धी दुपार जायची. एकदा ती मनाचा हिय्या करून म्हणाली, "इंदू गेली." आप्पांनी ते म्हणायला फार वेळ घेतला. डब्यानं ते म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण नजर निवली. निदान खरं तरी बोलता आलं.

मग तिनं मुख्य वाक्य काढलं. "माझं डोकं ठिकाणावर हाय. चूक ऋतूच्या हातनं झाली."

युक्ती साधी होती. समितीसमोर आप्पाच हे बोलतील, त्यांची शुद्ध सिद्ध होईल, चूकही उघड होईल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. आपण मान खाली घालून उभं राहू. बाई हुशार! कबुली द्यायची, तीही बापाच्या तोंडून. आप्पांनी ते वाक्य तिच्या मागून म्हटलं, रोज म्हटलं. अखेरीस डबा ते दोन्ही तुकडे लख्ख बोलू लागला. तरी रोज वाक्य संपलं की आप्पा तिच्याकडे क्षणभर जास्तच बघायचे. तिला वाटायचं, दमले असतील.

समितीच्या दिवशी इस्पितळाच्या खोलीत टेबलामागे इनामदारबाई आणि आणखी दोन डॉक्टर होते. हर्षद आणि वृषाली भिंतीशी बसले. यंत्र परत द्यायच्या कागदावर सही करायची म्हणून हर्षदनं खिशाला पेन लावून आणलं होतं.

"आप्पा, कसे आहात?" इनामदारबाईंनी विचारलं.

"माझं डोकं ठिकाणावर हाय," आप्पा म्हणाले.

हर्षद ताडकन उठला. वृषालीनं त्याचा हात घट्ट धरला. इनामदारबाई पुढं झुकल्या. ऋतुजानं मान खाली घातली आणि उरलेल्या वाक्याची वाट पाहू लागली.

वाक्य आलंच नाही.

तिनं वर बघितलं. आप्पा तिच्याकडेच बघत होते. "बोला, आप्पा," ती पुटपुटली, "पुढचं बोला." डबा गप्प. बिघडला नव्हता, हिरवे दोन्ही दिवे तिला इथून दिसत होते. ते वाक्य आप्पांना येत होतं. ते म्हणत नव्हते.

"हे एकच वाक्य बोलतात का?" दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं. "पाठ करून घेतल्यासारखं वाटतं."

"मलाही तसंच वाटतंय," इनामदारबाई खेदानं म्हणाल्या. "मुलीनं कष्ट घेतलेले दिसतात. पण पोपटपंची म्हणजे शुद्ध नव्हे. चिकोडे, तुमची सही लागेल."

हर्षदनं पेन काढलं. आप्पांनी ते पाहिलं. तरीही ते बोलले नाहीत. नजर हलली नाही, तिच्यात राग नव्हता, आणि विनवणी तर मुळीच नव्हती. उरलेला आवाज जाईल तर जाईल, पण दुसऱ्याच्या वाटणीचं बोलणार नाही, असं तो म्हातारा बसल्या जागी सांगत होता.

ऋतुजा उभी राहिली. 

"थांब हर्षद. चूक माझ्या हातून झाली."

आणि मग तिनं ते सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी ज्यांच्यापासून लपवलं होतं त्यांच्यासमोर.  'मशीन ठीक आहे' म्हणाले ते खोटं होतं, हे तिनं इनामदारबाईंकडे बघून सांगितलं. कुंकवाचा काही दोष नव्हता, हेही तिनं वृषालीकडे बघून सांगितलं. वृषाली स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"महिनाभर," वृषाली म्हणाली, "महिनाभर मी देवापाशी माफी मागतेय, ताई." एवढंच बोलून ती खोलीबाहेर गेली. हर्षदनं पेन पुन्हा खिशाला लावलं. त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

इनामदारबाईंनी आप्पांना नव्यानं प्रश्न विचारले, आता डोळ्यांच्या खुणांवर. एक मिटणं हो, दोन नाही. बायको हयात आहे? दोन. मुलगी आत्ता बोलली ते खरं? एक. बाई बराच वेळ मान खाली घालून लिहीत राहिल्या. "हे मी आधी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. यंत्र आप्पांकडेच राहिलं. त्याची देखभाल मात्र यापुढं ऋतुजाकडे राहणार नव्हती. ते ऐकून तिला वाईट वाटलं नाही. वाटायचा हक्कच नव्हता. गारगोटीच्या बाईंचं काय, हे तिनं विचारलं नाही, पण ते मनातून गेलंही नाही.

घरी पोचल्यावर हर्षदनं आप्पांची खुर्ची ओटीवर नेऊन लावली आणि तो ताईकडे न बघता खाली वर्कशॉपात उतरला. ऋतुजा दाराशीच उभी राहिली. बॅग भरावी आणि रात्रीच्या आत पुणं गाठावं, असं तिच्या मनात आलं.

"ऋतू," डबा म्हणाला, "चहा ठेव."

हे वाक्य तिनं शिकवलेलं नव्हतं. आप्पांनी ते आपलं आपण जुळवलं होतं. बाप आता खिडकीबाहेर बघत होता, रोजच्यासारखा, चहाची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

ती स्वयंपाकघरात गेली. वृषाली तिथंच होती, पाठमोरी. ऋतुजानं आधण ठेवलं, पूड टाकली, साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून थांबली. वृषाली वळली. डोळे सुजलेले होते. तिनं तिच्या हातातून चमचा काढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आप्पांना किती साखर लागते, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

ऋतुजा बाजूला झाली आणि बघत राहिली. वृषालीनं टाकली ती अर्धाच चमचा.